सेवाव्रती फादर डॅमियन

फादर डॅमियन यांचा जन्म १८४० साली बेल्जियममध्ये झाला. त्या काळी हवाईचे शासन कुष्ठरोग्यांना आप्तांपासून तोडून मोलोकाई बेटावर नेऊन सोडीत असे. रोगावर खात्रीचा उपाय नव्हता. धर्मकार्यार्थ हवाईत आलेले डॅमियन १८७३ मध्ये स्वेच्छेने त्या रोग्यांत जाऊन राहिले. त्यांनी जखमा धुतल्या, घरे बांधली, शवपेट्याही स्वहस्ते केल्या. पुढे एकदा कढत पाण्याने पाय भाजला, तरी वेदना झाली नाही. रोग आपणासही जडला, हे त्यांनी ओळखले. सेवा मात्र सोडली नाही. १८८९ मध्ये तेथेच त्यांनी देह ठेवला.

आज कुष्ठरोग औषधांनी बरा होतो. दूर व्हावयाची आहे ती मनातील घृणा. समदृष्टीचा अध्याय नित्य वाचणाऱ्या गृहस्थाने अशा बांधवाला आपल्या पंक्तीला बसवावे. तरच ते वाचन सफल होय.