मिसेस बीटन : अकराशे पानांच्या पुस्तकामागची बाई

घरात कितीही अनुभवी सुगरण असली तरी फळीवर एखादे पाककृतीचे पुस्तक असतेच. आपल्या मराठी घरांत ते बहुधा कमलाबाई ओगले यांचे १९७० साली आलेले 'रुचिरा' असते. बदलीच्या गावी नवा संसार मांडताना कुकर, पोळपाट-लाटणे आणि 'रुचिरा' एकाच खोक्यातून प्रवास करतात, हे आपल्या मंडळातल्या बऱ्याच भगिनी सांगतील. इंग्रजांच्या घरात ही जागा शंभर वर्षांहून अधिक काळ 'बुक ऑफ हाउसहोल्ड मॅनेजमेंट' या पुस्तकाने धरून ठेवली होती. लेखिका मिसेस इझाबेला बीटन. नाव ऐकून कमरेला किल्ल्यांचा जुडगा लावलेली, चार सुनांना वळण लावणारी सासूबाई डोळ्यांसमोर येते. पुस्तक पूर्ण झाले तेव्हा या बाई पंचवीस वर्षांच्या होत्या.

इझाबेलाचा जन्म १४ मार्च १८३६ रोजी लंडनमध्ये झाला. वडील बेंजामिन मेसन कापडाचे व्यापारी. ती चार वर्षांची असताना ते वारले. आईने १८४३ मध्ये हेन्री डॉर्लिंग या विधुराशी दुसरे लग्न केले. त्यांची आधीची चार, हिची चार आणि नंतर झालेली तेरा, अशी एकूण एकवीस मुले! डॉर्लिंग हे एप्सम येथील घोड्यांच्या शर्यतींचे व्यवस्थापक होते. घरात एवढी मुले मावेनात, म्हणून शर्यती नसतील तेव्हा मुलांना आजीबरोबर शर्यतीच्या मैदानावरील प्रेक्षकांच्या भल्यामोठ्या इमारतीत ठेवत. थोरली बहीण म्हणून धाकट्यांचे करण्याचे काम इझाबेलाकडे आले. पन्नास माणसांचा स्वयंपाक म्हणजे काय, कोणते सामान किती लागते, याचा अंदाज तिला पुस्तक लिहिण्याच्या कितीतरी आधी आला असणार.

पुढे तिला जर्मनीत हायडेलबर्गला शिकायला पाठवले. तिथे ती फ्रेंच, जर्मन, पियानो आणि केक-पेस्ट्री करायला शिकली. परत आल्यावर एप्समच्या बेकरीवाल्याकडे तिने पेस्ट्रीची शिकवणी चालू ठेवली, हे घरच्यांना फारसे रुचले नाही.

१० जुलै १८५६ रोजी तिचे लग्न सॅम्युअल बीटन या तरुण प्रकाशकाशी झाले. 'अंकल टॉम्स केबिन' ही कादंबरी इंग्लंडमध्ये छापून त्याने चांगले पैसे मिळवले होते आणि १८५२ पासून तो मध्यमवर्गीय गृहिणींसाठी दोन पेनी किमतीचे मासिक चालवत होता. जोडपे लंडनबाहेर पिनर येथे राहू लागले. रेल्वे आल्यामुळे शहराबाहेर घर आणि शहरात नोकरी, ही रीत तेव्हा नुकतीच रुळत होती. त्यांच्या घराजवळचे स्टेशन लंडन अँड नॉर्थ वेस्टर्न रेल्वेवर होते; आज त्याला हॅच एंड म्हणतात. पुढे मासिकाच्या संपादक झाल्यावर बीटनबाई नवऱ्याबरोबर रोज त्या गाडीने कचेरीत जात. डब्यात बाकी सगळे पुरुष. एक बाई कामाला निघाली आहे, हे पाहून ते अवघडून बसत, असे तिच्या चरित्रकारांनी लिहिले आहे. आज आपल्या लोकल गाड्यांना स्वतंत्र महिला डबे लागतात. त्या काळी एकटी बीटनबाईच होती!

पाककृतीचे काम तिच्याकडे आले ते १८५७ मध्ये. सुरुवात काही फार झोकात झाली नाही. स्पंज केकची पहिलीच कृती छापली, आणि तीत अंडी किती हे द्यायचेच राहिले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तिचे पहिले मूल तीन महिन्यांचे होऊन गेले. या दुःखानंतर ती कामात अधिकच बुडाली असे दिसते.

पुस्तक आधी १८५९ ते १८६१ या काळात चोवीस मासिक भागांत आले आणि १ ऑक्टोबर १८६१ रोजी एकत्र बांधून निघाले. पाने १,११२, कृती नऊशेच्या वर. पहिल्या वर्षी साठ हजार प्रती खपल्या. १८६८ पर्यंत हा आकडा वीस लाखांच्या जवळ गेला.

आता एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. यातल्या बहुतेक कृती तिच्या नव्हत्या. काही वाचकांनी पाठवलेल्या, बऱ्याच एलायझा अ‍ॅक्टन आणि इतरांच्या पुस्तकांतून उचललेल्या, तेही नाव न सांगता. अभ्यासकांनी तिला यासाठी दोष दिला आहे आणि तो मला रास्त वाटतो. मग तिचे श्रेय कोणते? मांडणीचे. प्रत्येक कृतीत साहित्य आधी, मग कृती, वेळ किती लागेल, खर्च किती, किती माणसांना पुरेल, कोणत्या ऋतूत करावी, हे सगळे एका साच्यात. आमच्या वर्कशॉपमध्ये ड्रॉइंगबरोबर मटेरियलची यादी येते तसे. त्याआधीच्या पुस्तकांत अर्धी कृती झाल्यावर कळायचे की लोणी लागणार होते. शिवाय घरच्या साध्या जेवणाचे आठवड्याचे बेत वेगळे आणि पाहुणे असतील तर सहा, आठ, दहा, बारा, अगदी अठरा माणसांचे बेत वेगळे, महिन्यागणिक दिलेले. उरलेल्या शिळ्या मांसाचे दुसऱ्या दिवशी काय करावे, हेही आहे. फोडणीचा भात आणि कुस्करा जाणणाऱ्या आपल्या गृहिणींना याचे मोल वेगळे सांगायला नको.

आपल्या देशाचाही वास पुस्तकात आहे. मुलगाटानी सूप आहे, करी पावडर आहे. पण ती घरी करण्यापेक्षा चांगल्या दुकानातून आणलेली बरी आणि बहुधा स्वस्त पडते, असा सल्लाही आहे. सर्वांत गमतीची बंगाली पद्धतीची आंब्याची चटणी. तीत साखर, मीठ, आले, लसूण, मिरच्या, मोहरी, बेदाणे, व्हिनेगर सगळे आहे, फक्त आंबा नाही! त्याऐवजी तीस आंबट कच्ची सफरचंदे. कैरी मिळेना म्हणून बाईने मार्ग काढला. परप्रांतात अळूच्या जागी पालक घालून फदफदे करणाऱ्यांनी तिला हसू नये. गाजर मात्र दोन-दोन तास उकडायला सांगते, तिथे मी हात जोडतो.

एक कृती तिची स्वतःची मानतात. १८५८ च्या हिवाळ्यात आसपासच्या गरीब कुटुंबांसाठी ती दर आठवड्याला आठ-नऊ गॅलन, म्हणजे सुमारे छत्तीस ते चाळीस लिटर सूप करून वाटत असे. सुमारे डझनभर कुटुंबे ते नेत. हाडे, मांसाचे तुकडे, सातू, कांदे, गाजर, सलगम आणि भरपूर पाणी. ती कृती खर्चासकट पुस्तकात दिली आहे.

दुसरा मुलगा तीन वर्षांचा होऊन १८६२ च्या शेवटच्या दिवशी गेला. बरोबर एका वर्षाने, १८६३ च्या शेवटच्या दिवशी, तिसरा जन्मला आणि तो जगला. २९ जानेवारी १८६५ ला चौथा मुलगा झाला. कळा सुरू झाल्या तेव्हा ती नव्या पुस्तकाची मुद्रिते तपासत होती. बाळंतज्वर झाला आणि ६ फेब्रुवारीला ती गेली. वय अठ्ठावीस. डॉक्टरांनी हात निर्जंतुक केले तर हा ज्वर टळतो, असे सेमेलवाइस यांनी व्हिएन्नात १८४७ मध्ये दाखवून दिले होते, पण वैद्यकीय मंडळींनी ते मानले नव्हते.

१८६६ मध्ये लंडनची एक मोठी पेढी बुडाली, त्यात सॅम्युअलही बुडाला. त्याने पुस्तकाचे हक्क दुसऱ्या प्रकाशकाला विकले आणि १८७७ मध्ये क्षयाने वारला. नव्या मालकांनी बाई हयात नाहीत हे सांगितलेच नाही. पाने वाढत गेली, कृती बदलत गेल्या, मुखपृष्ठावर नाव मात्र तेच. पुढे विसाव्या शतकात तिचे एक छायाचित्र लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीला भेट मिळाले, तेव्हा एवढी तरुण मुलगी पाहून लोक चकित झाले. छायाचित्र देणारे होते सर मेसन बीटन, म्हणजे ज्या बाळंतपणात ती गेली त्यातला मुलगा.