निष्कलंक खेळाडू : ख्रिस्टी मॅथ्यूसन

रणांगणावर किंवा राजसभेत कीर्ती संपादन केलेल्या थोर पुरुषांची चरित्रे आमच्या वाचकांनी पुष्कळ वाचली असतील. क्रीडांगणावर आयुष्य वेचलेल्या मनुष्याचे चरित्रही कित्येकदा तितकेच बोधप्रद असते. शीलाची खरी कसोटी जेथे द्रव्याचा मोह असतो आणि पाहणारे कोणी नसते तेथे लागते, आणि धंदेवाईक खेळात असा प्रसंग वरचेवर येतो. अमेरिकेत बेसबॉल हा खेळ अत्यंत लोकप्रिय असून एके काळी तो जुगाऱ्यांच्या विळख्यात पुरता सापडला होता. त्या काळात ज्याच्या नावाला कधी डाग लागला नाही, आणि न्याय मिळण्याची खात्री नसतानाही ज्याने लबाडीविरुद्ध हात उचलला, त्या ख्रिस्टी मॅथ्यूसनचे चरित्र आम्ही येथे संक्षेपाने सादर करीत आहोत.

क्रिस्टोफर मॅथ्यूसन याचा जन्म १२ ऑगस्ट १८८० रोजी अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकी पेनसिल्व्हेनियातील फॅक्टरीव्हिल या लहानशा गावी झाला. घरची माणसे धर्मनिष्ठ होती. मुलाने पुढे धर्मोपदेशक व्हावे अशी त्याच्या आईची मनीषा होती. ती सफळ झाली नाही. परंतु रविवारी खेळणार नाही असे जे वचन त्याने आईस दिले होते, ते पुढे लोक डोक्यावर घेऊन नाचू लागले तरी त्याने मोडले नाही, आणि रविवारच्या सामन्यात त्याने कधी चेंडू फेकला नाही. गावच्या शाळेतील शिक्षण आटोपल्यावर तो लुईसबर्ग येथील बकनेल विद्यालयात दाखल झाला. तेथे त्याने फुटबॉल व बेसबॉल या दोन्ही खेळांत नाव मिळविलेच, शिवाय वाङ्मयमंडळात भाग घेतला आणि आपल्या वर्गाचे अध्यक्षपदही भूषविले. त्या दिवसांत धंदेवाईक बेसबॉलपटू म्हणजे अशिक्षित, भांडखोर व मद्यपी इसम अशी लोकांची समजूत असे. अशा मंडळीत विद्यालयात शिकलेला, उंच, देखणा व मृदुभाषी तरुण येऊन मिळाला, हीच एक अपूर्व गोष्ट होती.

ज्या वाचकांना बेसबॉलची माहिती नसेल त्यांच्यासाठी दोन शब्द सांगणे अवश्य आहे. या खेळात प्रत्येक पक्षास साधारणतः नऊ डाव मिळतात. आपल्या क्रिकेटमधील गोलंदाजाच्या जागी तेथे पिचर असतो. तो टप्पा न पाडता चेंडू थेट फलंदाजाकडे फेकतो, आणि सामन्याचे यशापयश बहुतांशी त्याच्यावर अवलंबून असते. फलंदाजास धाव पुरी करण्यासाठी मैदानावरील तीन स्थाने ओळीने गाठून मूळ जागी परत यावे लागते. मॅथ्यूसन हा पिचर होता. वेगाबरोबरच अचूकपणा हे त्याचे मुख्य बळ होते. त्याचा एक विशिष्ट चेंडू नेहमीच्या वळणाच्या उलट दिशेने, उजव्या हाताने खेळणाऱ्या फलंदाजाच्या अंगाकडे वळत खाली जाई. या चेंडूने हातावर फार ताण पडतो म्हणून तो एका सामन्यात मोजकेच वेळा तो वापरी, आणि अडचणीच्या क्षणासाठी शिल्लक ठेवी.

१९०० साली नॉर्फोक येथील संघाकडून त्याने २० सामने जिंकले व केवळ २ गमावले. त्याच वर्षी न्यूयॉर्क जायंट्स या बलाढ्य संघाने त्यास बोलाविले. आरंभी तेथे त्याला यश आले नाही, व त्यास परत पाठविण्यात आले. मग सिनसिनाटीच्या संघाने त्यास घेतले आणि एका नामांकित पण थकलेल्या पिचरच्या बदल्यात पुन्हा न्यूयॉर्कला देऊन टाकले. हा सौदा सिनसिनाटीस किती महाग पडला हे पुढील इतिहासाने दाखविले. १९०२ मध्ये जॉन मॅग्रॉ हा कडक व तापट व्यवस्थापक न्यूयॉर्कच्या संघावर आला, आणि पुढील तीन हंगामांत मॅथ्यूसनने अनुक्रमे ३०, ३३ व ३१ सामने जिंकले. मॅग्रॉ हा पंचांशी हमरीतुमरीवर येणारा, तर मॅथ्यूसन शांत. तथापि या दोघांची मैत्री अखेरपर्यंत टिकली.

१९०५ च्या ऑक्टोबर महिन्यात फिलाडेल्फियाच्या ॲथलेटिक्स संघाशी अंतिम विजेतेपदाचे सामने झाले. त्यांत मॅथ्यूसनने सहा दिवसांच्या अवधीत तीन सामने खेळले, व त्या एकंदर २७ डावांत प्रतिपक्षास एकही धाव करू दिली नाही. १९०८ साली त्याने ३७ सामने जिंकले. १९१३ मध्ये तर सलग ६८ डावांत त्याने एकाही फलंदाजास चुकीच्या चेंडूंमुळे फुकटचे स्थान दिले नाही. सतरा वर्षांच्या कारकीर्दीत त्याचे विजय ३७३ भरले. दैवाने मात्र त्याला नेहमीच साथ दिली असे नाही. १९११, १९१२ व १९१३ अशी लागोपाठ तीन वर्षे त्याचा संघ अंतिम सामन्यांपर्यंत पोहोचला आणि तिन्ही वेळा हरला.

येथपर्यंतचे चरित्र एका कुशल खेळाडूचे झाले. पुढील भाग आम्हांस अधिक महत्त्वाचा वाटतो. पण तो समजण्यास त्या काळची परिस्थिती ध्यानात घेतली पाहिजे. खेळाडूस ज्या संघाने एकदा करारबद्ध केले त्या संघाची परवानगी मिळाल्याखेरीज दुसरीकडे जाण्याची त्यास मुभा नसे. त्यामुळे मालक देईल ते वेतन निमूटपणे घ्यावे लागे. दुसऱ्या बाजूस मोठमोठ्या शहरांत प्रेक्षकांच्या बैठकीतच उघडपणे पैजा लागत, आणि एका सामन्यावर कित्येक खेळाडूंच्या वर्षाच्या मिळकतीहून अधिक रक्कम हातोहात फिरे. १९०८ च्या हंगामातील निर्णायक सामन्यापूर्वी तर प्रत्यक्ष पंचांसच लाच देऊ करण्यात आली होती. पंचांनी ती झिडकारली व वरिष्ठांस कळविले. संघांचे मालक मात्र अशा गोष्टी शक्य तो झाकून ठेवीत. खेळाची अब्रू जाऊ नये एवढीच त्यांची इच्छा असे; खेळ शुद्ध असावा याची चिंता त्यांना तितकीशी नव्हती.

१९१६ च्या जुलैमध्ये मॅथ्यूसन सिनसिनाटीच्या रेड्स संघाचा व्यवस्थापक झाला. त्या संघात हॅल चेस नावाचा खेळाडू होता. पहिल्या स्थानाचे रक्षण करण्यात त्याची बरोबरी करणारा त्या काळी क्वचितच कोणी असेल. परंतु पैसे घेऊन सामने घालवितो अशी कुजबुज त्याच्याविषयी पुष्कळ वर्षे चालू होती. या जागेवरून लबाडी करणे फार सोपे असते. सहकाऱ्याने फेकलेला चेंडू झेलण्यास अर्धे पाऊल उशिरा पोहोचावे, की चेंडू हातावरून निसटतो, आणि दोष फेकणाऱ्याच्या माथी जातो. चेसचे कौशल्यच त्याच्या पापास पांघरूण घालीत होते. मॅथ्यूसनची नजर मात्र अशा पडद्यापलीकडे पाहू शके. त्यातच जिमी रिंग या तरुण पिचरने त्यास येऊन सांगितले, की चेसने आपणास सामना हरण्याविषयी सुचविले. आपण नकार दिला, परंतु तो सामना आपल्या हातून गेलाच, आणि दुसऱ्या दिवशी चेसने ५० डॉलर आणून दिले. ९ ऑगस्ट १९१८ रोजी मॅथ्यूसनने चेसला संघातून निलंबित केले. 

त्याच महिन्यात मॅथ्यूसन सैन्यात दाखल झाला. पहिले महायुद्ध शेवटच्या अवस्थेत होते. वयाच्या ३८ व्या वर्षी, घरी पत्नी व मुलगा असता, सैन्यात जाण्याची सक्ती त्याच्यावर नव्हती. विषारी वायूंच्या युद्धासाठी स्थापिलेल्या विभागात त्यास कॅप्टनची जागा मिळाली व तो फ्रान्सला गेला. इकडे १९१९ च्या जानेवारी अखेरीस चेसची चौकशी झाली. मुख्य फिर्यादी समुद्रापलीकडे असल्याने साक्षीस उभा राहू शकला नाही. संघमंडळाचे अध्यक्ष जॉन हेडलर यांनी पुरावा अपुरा ठरवून चेसला दोषमुक्त केले. एवढ्यावरच हे प्रकरण थांबले नाही. खुद्द मॅग्रॉने, म्हणजे मॅथ्यूसनच्या जिवलग मित्राने, चेसला आपल्या संघात घेतले. मॅथ्यूसन परदेशात असता सिनसिनाटीने नवा व्यवस्थापक नेमला होता. म्हणून परत आल्यावर तो मॅग्रॉचा साहाय्यक म्हणून न्यूयॉर्कला गेला. ज्याच्यावर त्याने अप्रामाणिकपणाचा ठपका ठेवला, त्याच्याच शेजारी आता त्यास एका संघात वावरावे लागले! प्रामाणिक मनुष्याची याहून मोठी अवहेलना ती कोणती? तथापि त्याने आपला आरोप मागे घेतला नाही, वा मित्राशी वैरही धरले नाही. त्या हंगामात चेसविरुद्ध नवीन पुरावा हेडलर यांच्या हाती आला, आणि १९१९ नंतर चेस मोठ्या संघांच्या सामन्यांत पुन्हा कधी दिसला नाही.

परंतु झाकून ठेवलेले गळू फुटावयाचे राहत नाही. १९१९ च्या ऑक्टोबरात अंतिम सामने सिनसिनाटी रेड्स व शिकागो व्हाइट सॉक्स यांच्यामध्ये झाले. शिकागोचा संघ श्रेष्ठ मानला जात असता सामन्यांच्या तोंडावर पैजांचे पारडे एकाएकी सिनसिनाटीकडे झुकले. मॅथ्यूसन त्या वेळी वृत्तपत्राचा लेखक म्हणून बातमीदारांच्या कक्षात बसला होता. शेजारी ह्यू फुलर्टन हा नामांकित क्रीडालेखक होता. जेथे जेथे खेळी संशयास्पद दिसेल तेथे तेथे खूण करावी असे दोघांचे ठरले. प्रामाणिक चूक कोणती आणि मुद्दाम केलेली कोणती, हा भेद ओळखण्यास मॅथ्यूसनसारखा पारखी दुसरा नव्हता. शिकागोने पाच सामने गमावले व तीन जिंकले, आणि विजेतेपद सिनसिनाटीस गेले.

सुमारे वर्षभराने, १९२० च्या सप्टेंबरात, सारे उघडकीस आले. शिकागोच्या खेळाडूंनी जुगाऱ्यांशी संधान बांधले होते. पिचर एडी सिकॉट याने १०,००० डॉलर व जो जॅक्सन या अलौकिक फलंदाजाने ५,००० डॉलर घेतल्याचे कबूल केले. २ ऑगस्ट १९२१ रोजी न्यायालयात आरोपी निर्दोष सुटले. परंतु बेसबॉलचा कारभार तेव्हा केनेसॉ माउंटन लँडिस या न्यायाधीशाकडे सोपविण्यात आला होता, व त्याने दुसऱ्याच दिवशी आठही खेळाडूंस कायमचे बाद केले. १९१९ च्या आरंभी चेसविषयी मॅथ्यूसनचे म्हणणे वरिष्ठांनी गांभीर्याने घेतले असते, तर त्या आठांपैकी काहींचा तरी पाय घसरण्यापूर्वी अडखळला असता, असे आम्हांस वाटते. एकास मिळालेली सूट ही पुष्कळांस दिलेली परवानगीच असते.

मॅथ्यूसनला हा न्याय निरोगी शरीराने पाहण्याचे भाग्य लाभले नाही. १९२० साली त्यास क्षयाने गाठले व सॅरानॅक लेक येथील आरोग्यधामात जावे लागले. फ्रान्समध्ये विषारी वायू फुप्फुसांत गेल्याने हा रोग बळावला असे अनेक चरित्रकार म्हणतात. त्याचा धाकटा भाऊ हेन्री हाही १९१७ मध्ये याच रोगाने वारला होता. महिनोगणती अंथरुणावर पडून राहण्याची शिक्षा त्याने खेळातल्या धिमेपणानेच भोगली. सोंगट्यांच्या खेळात तो निष्णात होता. तो त्यास या दिवसांत विरंगुळा झाला. थोडे बरे वाटताच १९२३ मध्ये त्याने बॉस्टन ब्रेव्ह्ज संघाचे अध्यक्षपद स्वीकारले. ते श्रम शरीरास मानवले नाहीत. ७ ऑक्टोबर १९२५ रोजी, त्या वर्षीच्या अंतिम सामन्यांचा आरंभ झाला त्याच दिवशी, वयाच्या ४५ व्या वर्षी त्याने देह ठेवला. दुसऱ्या दिवशी पिट्सबर्ग येथे दोन्ही संघांचे खेळाडू दंडावर काळी फीत बांधून मैदानात उतरले. लुईसबर्ग येथे, आपल्या जुन्या विद्यालयाच्या सान्निध्यात, तो चिरविश्रांती घेत आहे. १९३६ मध्ये बेसबॉलच्या कीर्तिमंदिरासाठी प्रथम निवडलेल्या पाच जणांत त्याचे नाव होते. त्या पाचांत तोच एकटा हयात नव्हता.

मॅथ्यूसन हा कोणी विरक्त साधू नव्हता. तो धूम्रपान करी, सोबत्यांबरोबर पत्त्यांच्या डावातही रमे, आणि आपल्या कसबाचे मोल मालकांकडून चोख वसूल करी. परंतु जो सामना पाहण्यासाठी हजारो लोकांनी विश्वासाने पैसे मोजले, तो विकण्याचा अधिकार खेळाडूस नाही, हे त्यास पक्के ठाऊक होते. हरणे हा खेळाचा धर्मच आहे आणि मॅथ्यूसनही १८८ सामने हरला. पण त्यांतील एकही त्याने विकला नाही. पराभवास मान आहे तो तो खरा असतो म्हणून. एकदा तो विकत मिळू लागला की विजयासही किंमत उरत नाही.

हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वीच मिटला असे मात्र कोणी समजू नये. २०१८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने तेथील संस्थानांना खेळांवरील पैजा कायदेशीर करण्याचा मार्ग मोकळा झाला, आणि २०२४ मध्ये स्वतःच्या संघाच्या सामन्यांवर पैजा लावल्याबद्दल एका तरुण खेळाडूस कायमचे बाद करावे लागले. २०२५ च्या मे महिन्यात शिकागोच्या त्या आठ खेळाडूंची नावे बंदीच्या यादीतून काढण्यात आली, कारण मृत्यूबरोबर शिक्षा संपते असे ठरले. मृतांविषयी हा दयाभाव योग्यच आहे. तथापि शिक्षा माफ होणे वेगळे आणि कलंक नसणे वेगळे. आमच्या विद्यार्थिबंधूंपैकी फारच थोडे मोठे खेळाडू होतील. परंतु परीक्षेचा कागद, दुकानाचा गल्ला, कचेरीतील शिक्का यांपैकी काहीतरी प्रत्येकाच्या हाती येईल, आणि अर्धे पाऊल मागे राहण्याबद्दल कोणीतरी पैसे देऊ करील. त्या वेळी मॅथ्यूसनची आठवण झाली, तर हे चरित्र लिहिण्याचे आमचे श्रम सफळ झाले असे आम्ही समजू.