चित्रा ताऱ्याने दिलेला धडा : हिपार्कस आणि वर्तुळाचे ३६० अंश

कंपासपेटीतला कोनमापक प्रत्येकाने हाताळलेला असतो. अर्धवर्तुळाचे १८० आणि पूर्ण वर्तुळाचे ३६० अंश ही गोष्ट इतकी अंगवळणी पडलेली आहे की, ३६०च का, १०० किंवा १००० का नाही, हा प्रश्न सहसा कोणाच्या मनात येत नाही. या प्रश्नाचे उत्तर भूमितीपेक्षा पंचांगात अधिक सापडते. ज्या माणसाने हे अंश आकाशाच्या गणिताला कायमचे जोडून दिले, त्या हिपार्कसचे आयुष्यही पंचांगाच्याच एका कोड्याभोवती फिरत राहिले.

हिपार्कसचा जन्म इसवी सनपूर्व १९०च्या सुमारास बिथिनिया प्रांतातील निकिया येथे झाला. आज हे गाव तुर्कस्तानात इझनिक या नावाने ओळखले जाते. त्याच्या घराण्याविषयी किंवा शिक्षणाविषयी फारशी माहिती उरलेली नाही. आयुष्याचा मोठा काळ त्याने ऱ्होड्स बेटावर आकाशाचे वेध घेण्यात घालवला आणि इसवी सनपूर्व १२०च्या सुमारास त्याचा मृत्यू झाला.

त्याच्या पूर्वीच्या ग्रीकांना भूमिती उत्तम येत होती. पण कोन मोजण्याचे सोयीचे एकक त्यांच्याजवळ नव्हते. ॲरिस्टार्कससारखा थोर ज्योतिर्विदही काटकोनाचा अमुक एक हिस्सा अशा भाषेत कोन सांगत असे. आकड्यांचे खरे भांडार बॅबिलोनमध्ये होते. तेथील प्रत्यक्ष व्यवहारातले महिने चंद्राप्रमाणे २९ किंवा ३० दिवसांचे असत आणि ऋतूंशी मेळ राखण्यासाठी अधिक महिना धरावा लागे. हिशेबासाठी मात्र ३० दिवसांचे १२ महिने, म्हणजे ३६० दिवसांचे ठोकळ वर्ष वापरले जाई. अहोरात्राचेही त्यांनी असेच ३६० भाग पाडले होते. पुढे सूर्यमार्गाच्या १२ राशी आणि प्रत्येक राशीचे ३० भाग ठरले. सूर्य रोज जवळपास एक भाग पुढे सरकतो, हा या विभागणीचा मोठा फायदा होता. बॅबिलोनची अंकपद्धती ६० वर आधारलेली असल्याने हा आकडा तिच्यात सहज बसला. शिवाय ३६० ला २४ संख्यांनी पूर्ण भाग जातो.

हा योग अटळ नव्हता. चीनमध्ये वर्षाच्या दिवसांना धरून वर्तुळाचे ३६५ पूर्णांक एक चतुर्थांश भाग केले जात. पंचांगाशी ते अधिक प्रामाणिक होते, पण गणिताला अवघड. आपल्याकडे ऋग्वेदात १२ आऱ्यांच्या कालचक्राचे आणि त्याच्या ३६० खुंट्यांचे रूपक येते. तेथेही वर्षाचे चक्र ३६० दिवसांचेच आहे.

ग्रीक जगात ३६० भागांचा वापर हिप्सिक्लीस या गणितज्ञानेही केला होता. हिपार्कसचे कार्य त्याच्या पुढचे आहे. कोणत्या कोनासमोर किती लांबीची जीवा येते, याचे कोष्टक त्याने तयार केले. त्रिकोणमितीचा पाया येथे घातला गेला. आकाशातील अंतर आता आकड्यात मांडता आणि पडताळता येऊ लागले. भारतीय ज्योतिर्विदांनी पुढे जीवेऐवजी अर्धज्या घेऊन ही पद्धत अधिक सुटसुटीत केली. आर्यभटाच्या इसवी सन ४९९च्या कोष्टकात २४ ज्या आहेत. संस्कृत ज्योतिषातील केंद्र आणि लिप्ता हे शब्द मुळात ग्रीक आहेत, हे या देवाणघेवाणीचे चिन्ह होय.

हिपार्कसपुढचा खरा प्रश्न होता वर्षाच्या लांबीचा. त्याने ॲरिस्टार्कसने इसवी सनपूर्व २८० मध्ये नोंदवलेला उन्हाळ्याचा अयनदिन आणि स्वतः इसवी सनपूर्व १३५ मध्ये घेतलेला वेध यांची तुलना केली. १४५ वर्षांत अर्ध्या दिवसाचा फरक पडला होता. त्यावरून वर्ष ३६५ पूर्णांक एक चतुर्थांश दिवसांपेक्षा एका दिवसाच्या तीनशेव्या भागाने लहान असल्याचे त्याने ठरवले. हे मान खऱ्या वर्षापेक्षा सुमारे साडेसहा मिनिटांनीच अधिक आहे. बॅबिलोनी नोंदींवरून त्याने स्वीकारलेले चांद्रमासाचे मान तर एका सेकंदाच्या आत अचूक ठरले.

याच शोधात चित्रा तारा आडवा आला. चंद्रग्रहणाच्या वेळी चंद्र सूर्याच्या बरोबर समोर असतो, याचा उपयोग करून त्याने चित्रेचे स्थान काढले. ती शरदसंपातापासून ६ अंशांवर होती. सुमारे दीडशे वर्षांपूर्वी टिमोकॅरिसने मात्र हेच अंतर ८ अंश नोंदवले होते. जुन्या वेधकर्त्याची चूक म्हणून हा फरक सोडून देणे सोपे होते. हिपार्कसने टिमोकॅरिसवर विश्वास ठेवला आणि स्थिर मानलेले आकाशच संपाताच्या तुलनेत सरकते, हा धाडसी निष्कर्ष काढला. ही गती शंभर वर्षांत किमान एक अंश असावी, असा त्याचा अंदाज होता. प्रत्यक्षात एका अंशाला सुमारे ७२ वर्षे लागतात.

या संपातचलनाचा परिणाम मराठी घरांतही दिसतो. उत्तरायण २१ किंवा २२ डिसेंबरला सुरू होते. मकरसंक्रांत मात्र जानेवारीच्या मध्यावर येते. ताऱ्यांवर आधारलेले राशिचक्र आणि ऋतूंचे वर्ष यांत आज सुमारे २४ अंशांचे अंतर पडले आहे. हे अंतर कोणत्या ताऱ्यापासून मोजावे, यावर महाराष्ट्रात मोठा वाद झाला. बहुसंख्य पंचांगांनी चित्रा प्रमाण मानली, तर टिळक पंचांगाने रेवती. त्यामुळे टिळक पंचांगात संक्रांत १० जानेवारीच्या आसपास येते.

हिपार्कसचे बहुतेक ग्रंथ नष्ट झाले. ॲरेटसच्या काव्यावरील टीका तेवढी शिल्लक राहिली. बाकी सारे मुख्यतः तीन शतकांनंतरच्या टॉलेमीच्या ग्रंथातून कळते. ग्रहांचे वेध जमवूनही, पुरावा अपुरा असल्याने हिपार्कसने ग्रहगतीचा सिद्धांत मांडला नाही, अशी नोंद टॉलेमीनेच केली आहे.

त्याची तारकासूचीही कायमची हरवली असे मानले जात होते. सिनाई येथील सेंट कॅथरिन मठातून आलेल्या एका चर्मपत्रावरील जुना मजकूर खरवडून त्यावर दुसरे लेखन केलेले होते. विशेष प्रकाशचित्रणाने तो मजकूर वाचला गेला आणि त्यात उत्तर मुकुट तारकासमूहाच्या सीमा अंशांत दिलेल्या आढळल्या. हा हिपार्कसच्या सूचीचाच अंश असावा, असे संशोधकांनी २०२२ मध्ये मांडले. ते आकडे इसवी सनपूर्व १२९च्या सुमाराच्या आकाशाशी जुळतात, हे त्यांनी संपातचलनाच्या गणितावरून काढले. चित्रेच्या दोन अंशांनी हिपार्कसला जे शिकवले, त्याच गणिताने त्याच्या हरवलेल्या पानाची ओळख पटवली.