दुःखाचा प्रसाद : रेव्हरंड ना. वा. टिळक

आज आषाढी एकादशी. या पर्वकाळी संतचरित्र गावे, हा कीर्तनकारांचा परिपाठ. आम्ही मात्र आज वाचकांपुढे एका ख्रिस्तभक्ताचे चरित्र ठेवीत आहोत. भागवतात कुंतीमातेने श्रीकृष्णापाशी संपत्ती न मागता विपत्तीच मागितली. ती कथा सांगणे सोपे. पण विपत्ती घरात शिरली म्हणजे देव जवळ येतो की दुरावतो, हा प्रश्न प्रत्येक संसारी माणसाचा आहे. त्याचे उत्तर नारायण वामन टिळकांनी आपल्या आयुष्याने दिले.

टिळकांचा जन्म १८६१ साली कोकणात करजगावी, चित्पावन ब्राह्मण कुळात झाला. वडील तापट, आई मायाळू. ही आई बालपणीच अंतरली आणि घराचा आधार तुटला. पोर वणवण करीत नाशिकास आले. तेथे गणेशशास्त्री लेले यांच्या चरणी संस्कृताचे अध्ययन घडले. पुढे लक्ष्मीबाईंशी विवाह झाला; परंतु दारिद्र्य, भटकंती आणि अपत्यवियोग यांनी संसार पोळून निघाला. पुराण सांगावे, कीर्तन करावे, शाळेत शिकवावे. पण चित्त कोठे स्थिर होईना.

नागपुरास काही काळ त्यांनी संस्कृत ग्रंथांचे काम केले. १८९३ च्या सुमारास ते राजनांदगावास निघाले. ही आगगाडी आमच्याच भंडारा मुलखातून, वैनगंगा ओलांडून जाते. त्या प्रवासात एका सहप्रवाशाने त्यांच्या हाती नवा करार ठेवला. त्यातील डोंगरावरील प्रवचनाने त्यांचे मन वेधून घेतले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

येथून पुढचे दुःख त्यांनी स्वतः ओढवून घेतलेले होते, आणि ते एकट्याचे नव्हते. आप्त तुटले, जात तुटली. लक्ष्मीबाई तर पती जिवंत असता विरहाच्या वणव्यात सापडल्या. काही काळ त्या पंढरपुरी राहिल्या. विठ्ठलाच्या त्या नगरीत त्या माउलीने किती अश्रू ढाळले असतील! टिळकांच्या श्रद्धेची किंमत लक्ष्मीबाईंनी मोजली, हे आम्ही झाकून ठेवणार नाही. सुमारे पाच वर्षांनी दोघे एकत्र आली. प्रारंभी लक्ष्मीबाईंनी आपले सोवळे सांभाळले. पुढे स्वतः विचार करून, १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला.

आपल्याकडे दुःखाला प्रारब्धाचा भोग म्हणून सोसतात. ख्रिस्ती भक्त क्रूसाकडे पाहतो. देवानेच दुःख भोगले, तेव्हा माझ्या दुःखात तो माझा सोबती आहे, असा त्याचा भाव. टिळकांनी हा भाव तुकोबांच्या वाटेने आपलासा केला. अभंग आणि कीर्तन त्यांनी टाकले नाही. त्यांतूनच ख्रिस्तगुण गाइले. स्वभाव अखेरपर्यंत उतावळाच राहिला, परंतु अंतःकरण मऊ झाले. मातृसुखाला लवकर पारखा झालेला हा पुरुष फुलांमुलांचा कवी म्हणून महाराष्ट्रास प्रिय झाला. अहमदनगरच्या त्यांच्या घरी तरुण बालकवी ठोंबऱ्यांना पुत्रवत माया मिळाली. तेही १९१८ साली रेल्वे अपघातात गेले.

१९१७ साली टिळकांनी मिशनचे वेतन सोडले आणि देवाचा दरबार उभारला. बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांना तेथे सारखाच प्रवेश होता. ९ मे १९१९ रोजी मुंबईस त्यांचा देह पडला. त्यांचे ख्रिस्तायन हे महाकाव्य अपुरे राहिले. त्यातील बहुतेक अध्याय पुढे कोणी रचले? ज्या लक्ष्मीबाईंना त्यांच्या धर्मांतराने एकेकाळी उन्मळून टाकले होते, त्यांनीच!

वाचकहो, टिळकांचा मार्ग आमचा नव्हे. विठ्ठलचरणी आमची निष्ठा अढळ आहे. तरीही या दांपत्यापुढे आमचे मस्तक लवते. दुःख आपोआप कोणास संत करीत नाही. त्याच अग्नीत सोने उजळते आणि लाकडाचा कोळसा होतो. आपले दुःख उगाळीत बसल्यास मन कडवट होते. ते देवापुढे ठेवून दुसऱ्याचे अश्रू पुसावयास उठल्यास त्याचाच प्रसाद होतो. उद्या द्वादशीस उपवासाचे पारणे आटोपल्यावर, शेजारी ज्या घरी शोक असेल त्या दाराशी क्षणभर जाऊन बसावे. पांडुरंगास ती पूजा निश्चित पावेल.