नामदार गोखले आणि देशाचा जमाखर्च

आपल्या ज्ञातिमंडळाच्या वार्षिक स्मरणिकेत बहुधा ज्ञातीतील थोर पुरुषांची चरित्रे येतात, आणि ते योग्यच आहे. यंदा मी ज्यांचे चरित्र सांगणार आहे ते कै. नामदार गोपाळ कृष्ण गोखले आपल्या ज्ञातीचे नव्हते व आपल्या मराठवाड्याचेही नव्हते. किंबहुना त्यांच्या हयातीत अर्धापूर, नांदेड हा सारा मुलूख निजामाच्या राज्यात होता, व ज्या कायदेमंडळात ते बोलत त्याचा अधिकार आपल्या वाडवडिलांवर चालत नव्हता. तरीही हे चरित्र येथे का, याचा खुलासा शेवटी होईल. वाचकांनी तोवर धीर धरावा.

गोपाळरावांचा जन्म ९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक या गावी झाला. वडील कृष्णराव कागल संस्थानात नोकरीस होते. १८७९ साली ते निवर्तले, तेव्हा गोपाळराव अवघे तेरा वर्षांचे होते. थोरले बंधू गोविंदराव यांनी स्वतःचे शिक्षण सोडून दरमहा पंधरा रुपयांची नोकरी धरली, आणि त्यांतील आठ रुपये ते धाकट्या भावाच्या शिक्षणासाठी पाठवीत. उरलेल्या सात रुपयांत सारा संसार चाले. पुढे ज्यांनी साम्राज्याचा जमाखर्च तपासला त्यांच्या पाहण्यात आलेले पहिले अंदाजपत्रक हे असे होते, आणि त्यात निम्म्याहून अधिक रक्कम विद्येकडे लावलेली होती. ही गोष्ट गोपाळराव आयुष्यभर विसरले नाहीत, असे त्यांच्या पुढील कार्यावरून म्हणावे लागते.

१८८४ साली एल्फिन्स्टन कॉलेजातून ते बी. ए. झाले. त्या काळी पदवीधरास सरकारी नोकरी सहज मिळे. परंतु त्यांनी पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिक्षकाचा पेशा पत्करला, डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सभासदत्व घेतले, आणि फर्ग्युसन कॉलेजात १९०२ पर्यंत अध्यापन केले. गणित, इंग्रजी, इतिहास, अर्थशास्त्र, जो विषय वाट्यास येई तो ते शिकवीत. त्यांचे अंकगणिताचे पुस्तक शाळांतून दीर्घकाळ चालले. याच काळात न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे हे त्यांना गुरू म्हणून लाभले. सरकारी अहवाल कसा वाचावा, आकड्यांच्या रांगांतून रयतेची स्थिती कशी ताडावी, हे शिक्षण त्यांना रानड्यांपाशी मिळाले.

१८९७ साली हिंदुस्थान सरकारच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी कमिशनपुढे साक्ष देण्यासाठी ते विलायतेस गेले. त्यांचे वय तेव्हा तीस होते. साक्ष उत्तम झाली, परंतु त्याच मुक्कामात एक संकट ओढवले. पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तात गोऱ्या सोजिरांकडून अत्याचार झाल्याची पत्रे त्यांस गेली व त्यांवर विसंबून त्यांनी ती हकीकत तेथे प्रसिद्ध केली. परत आल्यावर पुरावा मागण्यात आला. पत्रे लिहिणाऱ्यांची नावे उघड करणे शक्य नव्हते, व पुराव्यावाचून आरोप टिकत नव्हता. गोपाळरावांनी जाहीर माफी मागितली. लोकांनी त्यांची फार निर्भर्त्सना केली व काही काळ त्यांना तोंड दाखविणे कठीण झाले. ती माफी योग्य की अयोग्य, हा वाद आजही होतो. मला एवढेच सांगावयाचे आहे की, पुढे त्यांच्या भाषणांची जी ख्याती झाली ती शब्दांच्या आवेशाने नव्हे, तर तपासून घेतलेल्या आकड्यांमुळे झाली.

१९०२ सालापासून ते कलकत्त्यास व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात बसू लागले. हे मंडळ कसे होते, हे तरुण वाचकांनी ध्यानात घ्यावे. १८९२ च्या कायद्याने सभासदांना अंदाजपत्रकावर बोलण्याची मुभा होती, पण त्यावर मत देण्याची नव्हती. सरकारी सभासदांचे बहुमत होते. खर्चाचा एक रुपया इकडचा तिकडे करण्याचे सामर्थ्य लोकप्रतिनिधीच्या अंगी नव्हते. अशा ठिकाणी २६ मार्च १९०२ रोजी गोखले यांनी अंदाजपत्रकावरील पहिले भाषण केले.

सरकारच्या तिजोरीत त्या वर्षी कोट्यवधींची शिल्लक होती, व ती देशाच्या भरभराटीची खूण म्हणून मिरविली जात होती. दुष्काळ व प्लेग यांनी रयत मोडली असता शिल्लक कोठून आली, हा गोखल्यांचा प्रश्न होता. त्याचे उत्तर शाळेतील मुलासही समजेल असे आहे. सरकारला विलायतेत दरसाल मोठी रक्कम पौंडांत द्यावी लागे. पौंडाचे २४० पेन्स. १८९४-९५ च्या सुमारास रुपयाचा भाव सुमारे १३ पेन्सपर्यंत उतरला होता, म्हणजे एका पौंडास सुमारे साडेअठरा रुपये पडत. ही तूट भरून काढण्यासाठी कर वाढविले गेले होते. पुढे रुपया १६ पेन्सवर स्थिर झाला व पौंडास पंधरा रुपये पुरू लागले. दर एक कोटी पौंडांमागे सुमारे साडेतीन कोटी रुपये वाचले. पण अडचणीसाठी बसविलेले कर अडचण सरल्यावरही तसेच राहिले. तेव्हा ती शिल्लक समृद्धीची नव्हे, गरजेहून अधिक वसूल केलेल्या कराची होती, हे त्यांनी सरकारच्याच आकड्यांनी सिद्ध केले.

शिल्लक कोठे खर्चावी, याचाही त्यांचा हिशेब स्पष्ट होता. प्रथम गरिबाच्या ताटातील मिठावरचा कर कमी करावा. तो १८८८ पासून दर मणास अडीच रुपये होता. नंतर उरलेली रक्कम प्राथमिक शिक्षण, आरोग्य व शेती यांकडे लावावी. लष्कराकडे जाणारा भाग आवरावा, कारण हिंदुस्थानच्या पैशाने पोसलेली फौज साम्राज्याच्या कामी वापरली जात असे. दरवर्षी मार्च महिन्यात हेच मुद्दे नव्या आकड्यांनिशी ते मांडीत. मताधिकार नसतानाही त्याचा परिणाम झाला. मिठावरील कर १९०३ मध्ये दोन रुपये, १९०५ मध्ये दीड रुपया व १९०७ मध्ये एक रुपया झाला. प्राप्तीवरील कराची माफीची मर्यादा १९०३ साली पाचशेवरून एक हजार रुपयांवर गेली. हे केवळ एकट्या गोखल्यांनी घडविले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल, परंतु त्यांच्या चिकाटीचा त्यात मोठा वाटा होता यात शंका नाही.

दरम्यान १२ जून १९०५ रोजी त्यांनी भारत सेवक समाज स्थापिला व त्याच वर्षी काशीच्या काँग्रेसचे अध्यक्षपद भूषविले. गांधीजी त्यांना आपले राजकीय गुरू मानीत. परंतु त्यांच्या अंतःकरणास सर्वांत जवळचे कार्य शिक्षणाचे होते. १६ मार्च १९११ रोजी त्यांनी प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. ज्या नगरपालिका वा जिल्हा बोर्डांची इच्छा असेल त्यांनी सरकारच्या संमतीने सहा ते दहा वर्षांच्या मुलांना शिक्षण सक्तीचे करावे. खर्चाचा एक तृतीयांश स्थानिक संस्थेने व दोन तृतीयांश सरकारने सोसावा. आणि ज्या पालकाची प्राप्ती दरमहा दहा रुपयांहून कमी, त्याच्याकडून फी घेऊ नये. प्रारंभ मुलांपुरताच होता, मुलींचा विचार पुढे करावयाचा होता, ही त्यातील उणीव आज आपणांस जाणवते. बडोद्यास श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्ये सर्व राज्यभर सक्ती लागू केलीच होती. तरीही पैसा नाही, लोकांची मागणी नाही, अशा सबबी निघाल्या. काही हिंदी सभासदांनीही विरोध केला. मार्च १९१२ मध्ये विधेयक ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळले गेले. गोखल्यांस हा पराभव अनपेक्षित नव्हता. आपण केवळ पाया घालीत आहोत, अशी त्यांची धारणा होती. मधुमेहाने व अतिश्रमाने झिजलेला त्यांचा देह १९ फेब्रुवारी १९१५ रोजी पडला. तेव्हा त्यांचे वय पन्नासही नव्हते.

त्या पायावर इमारत उभी राहण्यास फार काळ गेला. मुंबई इलाख्यात १९१८ साली विठ्ठलभाई पटेल यांच्या विधेयकाने नगरपालिकांस सक्तीचा अधिकार मिळाला. पुढे स्वतंत्र भारताच्या घटनेत ८६ वी दुरुस्ती होऊन सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलामुलीस शिक्षणाचा हक्क मिळाला, व तो कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. विधेयक पडल्यापासून अठ्ठ्याण्णव वर्षांनी! आज देशाचे अंदाजपत्रक लोकसभेपुढे येते व खर्चाच्या मागण्यांवर आपले प्रतिनिधी मत देतात. जे सामर्थ्य गोखल्यांपाशी नव्हते ते आपणांपाशी आहे. त्याचा उपयोग आपण किती करतो, हे प्रत्येकाने स्वतःस विचारावे.

आता प्रारंभीच्या खुलाशाकडे वळतो. आपल्या मंडळापाशीही यंदा शिल्लक आहे. तीतून सभागृहाचा मजला चढवावा की विद्यार्थी साहाय्य निधी वाढवावा, यावर दोन मते आहेत. मजला डोळ्यांना दिसतो व त्यावर देणगीदाराचे नाव कोरता येते. फी भरली गेल्यामुळे शाळा न सुटलेली मुलगी कोणास दिसत नाही. मी आयुष्यभर शिक्षक होतो, म्हणून माझे मत एकांगी असेल हे मान्य करतो. तथापि वार्षिक सभेत जमाखर्च वाचला जातो तेव्हा जेवणाच्या पंगतीकडे लक्ष न देता प्रत्येक सभासदाने तो नीट ऐकावा, शंका विचारावी, आणि मग निर्णय करावा, एवढी विनंती आहे. शिल्लक ही मिरविण्याची वस्तू नव्हे. ती ज्यांच्याकडून आली त्यांच्या गरजेस लागली पाहिजे. पंधरातील आठ रुपये विद्येस देणारा एक थोरला भाऊ होता, म्हणून देशास गोखले मिळाले. आपल्या ज्ञातीतील होतकरू मुलामुलींचा थोरला भाऊ होण्याची बुद्धी मंडळास होवो, ही प्रार्थना करून हा लेख पुरा करतो.