लोहाराचा मुलगा आणि सोन्याचे कण

बारामती-इंदापूरच्या ऊसपट्ट्यात आज बोटावरील रक्ताचा एक थेंब पट्टीवर घेऊन क्षणात साखर मोजली जाते. रक्तातील साखरेची वार्ता विजेद्वारे देणाऱ्या या पट्टीमागे एका लोहारपुत्राची साधना आहे. आमच्या विद्यार्थ्यांना ती ठाऊक व्हावी, म्हणून मायकेल फॅरडे यांचे चरित्र आम्ही येथे मांडीत आहोत.

फॅरडे यांचा जन्म २२ सप्टेंबर १७९१ रोजी लंडनलगत झाला. घरी दारिद्र्य, शिक्षण जेमतेम लिहिण्यावाचण्यापुरते. तेराव्या वर्षी ते एका पुस्तकविक्रेत्याकडे कामाला लागले, तेथेच पुस्तकबांधणी शिकले आणि बांधणीस आलेली पुस्तके वाचू लागले. १८१२ मध्ये एका ग्राहकाने दिलेल्या तिकिटांवर त्यांनी हम्फ्री डेव्ही यांची व्याख्याने ऐकली. त्यांची टिपणे स्वहस्ते बांधून त्यांनी डेव्हींकडे पाठविली. पुढच्याच वर्षी ते रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये साहाय्यक झाले.

त्याच वर्षी डेव्ही दांपत्यासोबत ते युरोपच्या प्रवासास निघाले. तेथे त्यांना नोकराची कामे करावी लागली. डेव्हींच्या पत्नी त्यांना नोकरासारखेच वागवीत. जन्मावरून माणसाची पायरी ठरविण्याचा रोग केवळ आपल्याच देशात नव्हता. फॅरडे यांनी अपमान सोसला, पण अभ्यास सोडला नाही. १८२४ मध्ये रॉयल सोसायटीने त्यांना सदस्य करून घेतले, तेव्हा विरोध खुद्द डेव्हींचाच होता.

१८३१ मध्ये त्यांनी चुंबकापासून वीज निर्माण करून दाखविली. पुढे विद्युत-अपघटनाचे नियम सिद्ध केले. इलेक्ट्रोड, आयन हे शब्द १८३४ मध्ये त्यांच्याच लेखनातून रूढ झाले. १८५७ मध्ये त्यांनी सोन्याचे डोळ्यांना न दिसणारे कण पाण्यात तरंगत ठेवून माणकासारखे लाल द्रावण सिद्ध केल्याचे मांडले.

आजच्या काही जैवसंवेदकांत हे दोन्ही प्रवाह एकत्र येतात. इलेक्ट्रोडवर बहुवारिकाचा पातळ पापुद्रा चढवितात. तो विकराला धरून ठेवतो. विकर रक्तातील साखर ओळखून तिच्यावर क्रिया करते. त्या क्रियेतून सुटणारे इलेक्ट्रॉन पापुद्र्यात विखुरलेले सोन्याचे सूक्ष्म कण इलेक्ट्रोडपर्यंत पोहोचवितात. जितकी साखर अधिक, तितका विद्युतप्रवाह अधिक.

रॉयल सोसायटीचे अध्यक्षपद फॅरडे यांनी नाकारले. मात्र मुलांसाठी नाताळची विज्ञानव्याख्याने ते वर्षानुवर्षे देत राहिले. २५ ऑगस्ट १८६७ रोजी त्यांचे निधन झाले.

आमच्या वसतिगृहात पत्र्याची पेटी घेऊन येणाऱ्या प्रत्येक मुलामुलीस आम्ही एवढेच सांगू इच्छितो, की फॅरडे यांच्यापाशी ना घराणे होते, ना पदवी. त्यांच्यापाशी मन लावून लिहिलेली एक वही होती.