विश्लेषण : करकायद्याच्या वकिलाने राज्यघटनेची चौकट कशी वाचवली?

सरकारने १९ जुलै १९६९ रोजी एका वटहुकुमाद्वारे १४ मोठ्या खासगी बँकांचे राष्ट्रीयीकरण केले. ५० कोटींहून अधिक ठेवी हा निकष होता. निर्णय लोकप्रिय होता. त्याविरोधात सर्वोच्च न्यायालयात गेले ते मुंबईचे रुस्तम कावसजी कूपर. ते सेंट्रल बँकेचे संचालक होते आणि काही बँकांचे शेअर त्यांच्याकडे होते. त्यांची बाजू मांडायला उभे राहिले नानी पालखीवाला. प्राप्तिकर आणि कंपनी कायद्यातले देशातले आघाडीचे वकील ही त्यांची तोवरची ओळख. पुढच्या ११ वर्षांत त्यांनी जे खटले लढवले, त्यांत अशील होते भागधारक, संस्थानिक, वृत्तपत्र कंपन्या, गिरणीमालक आणि एक मठाधिपती. या अशिलांना त्यातून काय मिळाले आणि देशाला काय मिळाले, याचे हिशेब मात्र वेगवेगळे आहेत.

वकिलीकडे कसे वळले?

१६ जानेवारी १९२० रोजी मुंबईत एका साध्या पारशी कुटुंबात जन्म. पूर्वज पालख्या बनवत, त्यावरून आडनाव पडले. लहानपणी ते तोतरे बोलत. सेंट झेवियर्स महाविद्यालयातून इंग्रजी साहित्यात एम.ए. केल्यावर त्यांनी मुंबई विद्यापीठात व्याख्यातापदासाठी अर्ज केला, पण शिकवण्याचा अनुभव असलेल्या दुसऱ्या उमेदवार महिलेची निवड झाली. तोवर बहुतेक अभ्यासक्रमांचे प्रवेश संपले होते. शासकीय विधि महाविद्यालयाचे दार तेवढे उघडे होते, म्हणून ते तिकडे गेले.

चाळीसच्या दशकात ते सर जमशेदजी कांगा यांच्या चेंबरमध्ये दाखल झाले. मुंबई उच्च न्यायालयातले ते एक नामांकित चेंबर, करकायद्यासाठी विशेष प्रसिद्ध. १९५० मध्ये प्राप्तिकर कायद्यावरचा त्यांचा जाडजूड ग्रंथ आला, तेव्हा पालखीवाला ३० वर्षांचे होते. मुखपृष्ठावर कांगा यांचे नाव आधी होते. लिखाण मात्र जवळपास सगळे पालखीवालांचे, हे खुद्द कांगा मोकळेपणाने सांगत.

मग अर्थसंकल्पावरची भाषणे?

ती १९५८ मध्ये मुंबईच्या ग्रीन्स हॉटेलातल्या एका छोट्या सभागृहात सुरू झाली. हातात टिपणाचा कागद न घेता, सगळे आकडे तोंडपाठ. गर्दी वाढत गेली आणि अखेर ब्रेबॉर्न स्टेडियम घ्यावे लागले. १९९४ पर्यंत हा शिरस्ता चालला. करासारख्या रुक्ष विषयावर क्रिकेटच्या मैदानात हजारो माणसे तासभर शांत बसून ऐकतात, हे दृश्य मुंबईबाहेर क्वचितच कुठे दिसले असेल.

१९६८ मध्ये केंद्रीय कायदामंत्री गोविंद मेनन यांनी त्यांना महान्यायवादी होण्याचा आग्रह केला. आधी होकार दिला, पण दुसऱ्याच दिवशी त्यांनी तो मागे घेतला. तो होकार टिकला असता तर पुढच्या वर्षी बँकांच्या खटल्यात ते सरकारच्या बाजूला उभे दिसले असते.

बँक खटल्यात नेमके काय घडले?

अडचण तांत्रिक वाटावी अशी होती. नागरिकांना असलेले काही मूलभूत हक्क कंपनीला नसतात, कारण कंपनी ही नागरिक नव्हे. बँक घेतली ती कंपनीची. मग एखाद्या भागधारकाने तक्रार कशी करायची? पालखीवालांनी उत्तर शोधले ते असे : कंपनीवर झालेल्या कारवाईने भागधारकाच्या स्वतःच्या हक्कालाही धक्का बसत असेल, तर त्याला दाद मागता येते. कायद्याचा हेतू काय, एवढेच पाहू नका; त्याचा माणसावर प्रत्यक्ष परिणाम काय होतो तेही पाहा, असा युक्तिवाद होता.

१० फेब्रुवारी १९७० रोजी न्यायालयाने १० विरुद्ध १ अशा मताने तो मान्य केला आणि कायदा रद्द केला. सरकारने चौथ्या दिवशी, १४ फेब्रुवारीला, नवा वटहुकूम काढला. ८७ कोटी ४० लाखांची भरपाई ठरली आणि बँका सरकारकडेच राहिल्या. कूपर जिंकले, पण बँका परत आल्या नाहीत. परिणाम पाहण्याची कसोटी मात्र टिकली. १९७८ मध्ये मनेका गांधींच्या पासपोर्टच्या खटल्यात व्यक्तिस्वातंत्र्याचा अर्थ विस्तारला, त्यात या कसोटीचा मोठा वाटा होता. शेअरच्या भांडणातून निघालेली गोष्ट आज कुठल्याही सामान्य नागरिकाच्या कामी येते.

डिसेंबर १९७० मध्ये संस्थानिकांच्या तनख्यांचा आणि १९७२ मध्ये वृत्तपत्रांच्या कागदकोट्याचा खटलाही त्यांनी जिंकला. दहा पानांची मर्यादा घालणे म्हणजे अभिव्यक्तीवर घाला, हे न्यायालयाने मान्य केले.

केशवानंद खटला एवढा महत्त्वाचा का?

केशवानंद भारती हे केरळच्या कासरगोडजवळील एडनीर मठाचे प्रमुख. मूळ वाद मठाच्या जमिनींचा आणि केरळच्या जमीन सुधारणा कायद्याचा. संसद राज्यघटनेत वाटेल तो बदल करू शकते का, हा प्रश्न त्यातून पुढे आला. १३ न्यायमूर्तींपुढे ३१ ऑक्टोबर १९७२ पासून ६८ दिवस सुनावणी झाली. समोर केरळच्या वतीने होते एच. एम. सीरवाई. तेही कांगा यांच्याच चेंबरमधले! एकाच गुरूचे दोन शिष्य असे समोरासमोर आले.

२४ एप्रिल १९७३ रोजी निकाल लागला, ७ विरुद्ध ६. संसद घटना बदलू शकते, पण तिची पायाभूत चौकट मोडू शकत नाही. मठाच्या पदरात मात्र फारसे काही पडले नाही. मालमत्तेचा हक्क या चौकटीत बसत नाही, असेच न्या. एच. आर. खन्ना यांनी मानले, आणि बहुमत त्यांच्याच मतावर अवलंबून होते. ज्या हक्कासाठी पालखीवाला वर्षानुवर्षे झगडत होते, नेमका तोच बाहेर राहिला.

ते श्रीमंतांचे वकील होते का?

हा आरोप त्यांच्यावर तेव्हाही होता आणि तो निराधार म्हणता येत नाही. ते टाटा सन्सचे संचालक, एसीसीचे अध्यक्ष. खुल्या अर्थव्यवस्थेचे कट्टर समर्थक. कसेल त्याची जमीन हे स्वप्न पाहणाऱ्यांना मालमत्तेचा हक्क हा अडथळाच वाटे, आणि पालखीवाला त्या अडथळ्याची राखण करताना दिसत.

जून १९७५ मध्ये या प्रतिमेला तडा गेला. अलाहाबाद उच्च न्यायालयाने निवडणूक रद्द ठरवल्यावर इंदिरा गांधींनी वकीलपत्र दिले ते त्यांनाच. २४ जूनला न्या. कृष्ण अय्यर यांनी सशर्त स्थगिती दिली. २५ जूनच्या रात्री आणीबाणी लागली आणि दुसऱ्या दिवशी पालखीवालांनी पंतप्रधानांचे वकीलपत्र परत केले.

त्याच नोव्हेंबरमध्ये सरन्यायाधीश ए. एन. राय यांनी केशवानंद निकालाचा फेरविचार करण्यासाठी १३ न्यायमूर्तींचे पीठ बसवले. विरोधी पक्षांचे नेते तुरुंगात होते, वृत्तपत्रांवर सेन्सॉर होता. पालखीवाला दोन दिवस बोलले. फेरविचाराची रीतसर याचिकाच कुणी केलेली नाही, हे सुनावणीत उघड झाले. तिसऱ्या दिवशी राय यांनी पीठ बरखास्त केले. त्या पीठावर असलेल्या खन्ना यांनी पुढे लिहून ठेवले, की वक्तृत्वाची ती उंची त्या न्यायालयात दुसऱ्या कुणी गाठलेली नाही. पायाभूत चौकटीला विरोध करणारे सीरवाईही आणीबाणीनंतर मत बदलून तिचे समर्थक झाले.

आणि शेवट?

जनता सरकारच्या काळात ते १९७७ ते १९७९ अमेरिकेत भारताचे राजदूत होते. ते तिकडे असतानाच ४४व्या घटनादुरुस्तीने मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतून वगळला. आता तो कलम ३०० अ नुसार फक्त कायदेशीर हक्क आहे. परतल्यावर त्यांनी बेंगळूरुच्या मिनर्व्हा मिल्सचा खटला लढवला. १९८० मध्ये न्यायालयाने संसदेला घटनादुरुस्तीची अमर्याद सत्ता देणारी ४२व्या दुरुस्तीतली तरतूद रद्द केली. गिरणीचे राष्ट्रीयीकरण मात्र कायम राहिले.

१९९८ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले. अखेरची काही वर्षे आजारपणात गेली आणि ११ डिसेंबर २००२ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. १९५० च्या त्या प्राप्तिकर ग्रंथाच्या नव्या आवृत्त्या त्यांच्यानंतरही निघत राहिल्या. नावांचा क्रम तोच आहे : आधी कांगा, मग पालखीवाला.